वरचं ऐकू आलं म्हणजे आपलं पोचलं असं नव्हे

कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीची भरती निघाली की निपाणी-खानापूरकडच्या डिप्लोमावाल्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, वॉकीटॉकीचं काम येतंय की, अजून काय शिकू?" बाबांनो, तुम्हाला येतंय ते उघड्यावरचं. आपल्याकडची बॉक्साइटची खाण आभाळाखाली असते. जमिनीखाली खडक लहर गिळतो आणि उरलीसुरली पहिल्या वळणावर संपते.

मी फसलो ती खाण वेगळी, नाव राहू दे. वर जमिनीवर 25 वॅटचा बेस, म्हणजे मुख्य सेट, माझ्या हातात 5 वॅटचा सेट. केजमधून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, उतरताना खणखणीत बोलणं झालं, कारण शाफ्टमधले, म्हणजे खाली जाणाऱ्या उभ्या विहिरीतले, पाइप, केबल, दोर हेच लहर खाली घेऊन येतात. आडव्या बोगद्यात शिरलो तरी वरचा शब्द न् शब्द कानावर पडत होता. "पंधरा मिनिटं आत आहे, पंखा चालू ठेवा," मी सांगितलं आणि ऐकलं असणार म्हणून पुढं गेलो. पंखा बंद झाला! धावत शाफ्टपाशी येऊन जुन्या टेलिफोनचा दांडा फिरवला, तर वरून विचारणा, "तू अजून खालीच होय रे?"

वाट एकच, पण त्यांचा जोर माझ्या पाचपट. शिवाय वर केज ओढणाऱ्या वाइंडरच्या मोटरचा खरखराट. माझा बारीक आवाज त्यात बुडाला. त्यामुळं ऐकू येतंय ही खूण धरू नका. वरच्यानं तुमचं वाक्य परत म्हणून दाखवलं तरच ते पोचलं. दर वळणावर हे करा, उत्तर थांबेल तिथं भिंतीवर चुन्याची खूण करा. पुन्हा सांगतो, वाक्य परत म्हणवून घ्या. "ओके" चालणार नाही.

ऑनलाइन 10 वॅटचा सेट मागवणारे भेटतात. पैसे पाण्यात. दुप्पट वॅटनं जेमतेम 3 डेसिबल (लहरीच्या जोराचं माप) मिळतात, एक वळण त्याहून जास्त खातं. त्यापेक्षा फ्रिक्वेन्सी बघा. 150 मेगाहर्ट्झची लहर 2 मीटर लांब, अरुंद बोगद्यात गुदमरते. 450 ची 67 सेंटिमीटर, सरळ बोगद्यात बरी धावते. लीकी फीडर केबल, म्हणजे बोगद्याभर लहर झिरपवत जाणारी केबल, असेल तर उत्तमच, पण तिच्या अ‍ॅम्प्लिफायरची वीज गेली की तीही मुकी.

सुरुंग उडवायच्या इलेक्ट्रिक डिटोनेटरजवळ सेटचं बोलायचं बटण दाबायचं नाही. इथं चेष्टा नको.

"अनुभवानं येतं," म्हणणाऱ्या सीनियरांपेक्षा मला टेलिफोन दुरुस्त करणाऱ्या मामांनी जास्त शिकवलं. पहिला आठवडा पोटात गोळा येतो, मग कान तयार होतात. पहिल्या दिवशी फक्त टेलिफोन कुठंकुठं आहेत ते चालत जाऊन बघून या.