घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवताय? या चुका टाळा

घरी मॉडेल चालवताना बहुतेक बिघाड बिनबोभाट होतात. लाल अक्षरांत एरर येत नाही, ॲप क्रॅश होत नाही. उत्तर येतं, पण रडतखडत येतं किंवा भलतंच येतं. मग आपण मॉडेलला नावं ठेवतो आणि रात्रभर दुसरं डाउनलोड करत बसतो. सकाळी तेही तसंच वागतं. म्हणून मॉडेल बदलण्याआधी दोन-चार आकडे पाहायची सवय लावा. मॉडेल चालवणारा प्रोग्रॅम म्हणून ओलामा वापरा, एलएम स्टुडिओ वापरा की थेट लामा सीपीपी, खालच्या बहुतेक गोष्टी सगळीकडे लागू होतात. त्या मॉडेलवर स्वतःचं अँड्रॉइड ॲप बनवत असाल, तर शेवटचे भागही तुमच्यासाठीच.

फाइल मावली म्हणजे मॉडेल मावलं, हा समज

८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल, दर आकडा १६ बिटमध्ये ठेवला तर, सुमारे १६ जीबी होतं. तेच ४ बिटच्या क्वांटायझेशनने, म्हणजे आकडे कमी बिटांत बसवून, पाचेक जीबीवर येतं. ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेला माणूस हिशोब करतो: पाच गेले, तीन उरले. पण संभाषण लक्षात ठेवायला मॉडेल वेगळी जागा घेतं, तिला केव्ही कॅश म्हणतात. मेटा कंपनीच्या लामा ३.१ च्या ८ अब्जवाल्या मॉडेलला दर टोकनमागे (शब्द किंवा शब्दाचा तुकडा) १२८ केबी लागतात. ८,१९२ टोकनच्या कॉन्टेक्स्टला, म्हणजे मॉडेल एका वेळी पाहतं त्या मजकुराला, १ जीबी. आणि पाकिटावर १२८ हजार टोकन लिहिलंय म्हणून तेवढा कॉन्टेक्स्ट मागितलात, तर नुसत्या कॅशलाच १६ जीबी. त्यात ब्राउझर आणि अँड्रॉइड एम्युलेटरही (संगणकावरचा नकली फोन) त्याच कार्डाच्या मेमरीवर ताव मारत असतात.

मेमरी संपली की विंडोजवर एनव्हीडियाचा ड्रायव्हर ओरडत नाही. २०२३ च्या मध्यापासून तो उरलेला डेटा गुपचूप साध्या रॅममध्ये ढकलतो. ओलामाही मॉडेलचे न मावलेले थर सीपीयूकडे सोपवतं. इथे वेग का कोसळतो ते समजून घेण्यासारखं आहे. दर टोकनसाठी मॉडेलचं सगळं वजन (त्याचे पॅरामीटर) मेमरीतून एकदा वाचावं लागतं. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डाची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते. दोन स्टिक लावलेली डीडीआर४-३२०० रॅम ५१ जीबीच्या आसपास. ५ जीबीच्या मॉडेलला पहिल्यात सेकंदाला जास्तीत जास्त ७० टोकन, दुसऱ्यात १०. रॅमची एकच स्टिक लावली असेल तर त्याच्याही निम्मे.

आता उपाय. मॉडेल चालू असताना टर्मिनलवर ‘ओलामा पीएस’ ही आज्ञा द्या. प्रोसेसरच्या रकान्यात शंभर टक्के जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) दिसत नसेल, तर चोर तिथेच आहे. कॉन्टेक्स्ट कमी करा. केव्ही कॅश ८ बिटवर आणा, जागा जवळपास निम्मी लागते. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा, म्हणजे कार्ड फक्त मॉडेलसाठी उरतं. हे सगळं केल्यावरच नव्या कार्डाचा विचार करा. आणि तेव्हा फक्त मॉडेलसाठी घ्यायचं असेल तर ८ जीबीच्या ४०६० पेक्षा जुनं १२ जीबीचं ३०६० बरं. दुकानदार नवीनच गळ्यात मारायला बघेल, कारण गेमिंगला ते खरंच चांगलं आहे.

मॅकवाल्यांसाठी एकच ओळ: डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) मॉडेल चालवू नका. त्या डब्याला मॅकच्या ग्राफिक्सपर्यंत पोचता येत नाही, सगळा भार सीपीयूवर पडतो.

मॉडेल ‘विसरतं’

सोसायटीच्या सभेचं वीस पानी इतिवृत्त दिलं आणि सारांश फक्त शेवटच्या तीन पानांचा आला. मॉडेल मठ्ठ नाही, त्याला पहिली सतरा पानं मिळालीच नाहीत. ओलामाचा मुळात ठरवून दिलेला कॉन्टेक्स्ट बराच काळ २,०४८ टोकन होता, नंतर ४,०९६ झाला. नव्या आवृत्त्या कार्डाची मेमरी बघून तो ठरवतात. मजकूर मर्यादेबाहेर गेला की आधीचा भाग निमूटपणे कापला जातो.

मराठीत हे लवकर घडतं. तेवढ्याच मजकुराला इंग्रजीपेक्षा देवनागरीत जास्त टोकन लागतात, आणि किती जास्त ते मजकुराचे टोकन पाडणाऱ्या टोकनायझरवर ठरतं. लामा २ च्या शब्दसाठ्यात ३२ हजार टोकन होते, लामा ३ मध्ये १ लाख २८ हजार, तर गूगलच्या गेमा मॉडेलांत अडीच लाखांवर. म्हणून इंग्रजीत केलेल्या चाचणीवरून मराठीचा अंदाज बांधू नका. ओलामाच्या उत्तरासोबत प्रॉम्प्टचे किती टोकन वाचले तो आकडाही येतो. तो रोज लॉगमध्ये टाका. मजकूर कितीही वाढवला तरी आकडा एकाच जागी अडकत असेल, तर कात्री चालली आहे.

यातली एक खोच: ओलामाचा ओपनएआयच्या धाटणीचा एंडपॉइंट (ॲप विनंती पाठवतं तो पत्ता) वापरत असाल तर कॉन्टेक्स्टची लांबी विनंतीत पाठवून फरक पडत नाही. मॉडेलफाइल (मॉडेलच्या सेटिंगची छोटी फाइल) लिहून त्या लांबीचं वेगळं मॉडेल तयार करा, किंवा ओलामाच्या सेटिंगमध्येच लांबी बदला.

चौकोन, प्रश्नचिन्हं आणि तुटलेली अक्षरं

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेतं. उत्तर तुकड्या-तुकड्याने येताना नेटवर्कचा तुकडा अक्षराच्या मधोमध संपू शकतो. आलेले बाइट लगेच स्ट्रिंगमध्ये बदललेत की मधूनच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं. इंग्रजीत चाचणी केली तर हा दोष जन्मात दिसणार नाही. कोटलिनमध्ये ओळ पूर्ण होईपर्यंत थांबणारा रीडर वापरा. जावास्क्रिप्टच्या टेक्स्ट डिकोडरला स्ट्रीम चालू असल्याचं सांगा. सूचनेच्या पट्टीत मजकूर कापतानाही ‘क्षि’चे तुकडे होतात. तिथे लांबी मोजू नका, अँड्रॉइडचा ब्रेक इटरेटर वापरा.

फोनवरून सर्व्हर सापडत नाही

एम्युलेटरमध्ये लोकलहोस्ट (‘हेच यंत्र’ असा पत्ता) म्हणजे एम्युलेटर स्वतः. तुमच्या संगणकासाठी तिथे १०.०.२.२ हा पत्ता लागतो. शिवाय अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच बंद असतं. नेटवर्क सिक्युरिटीच्या फाइलमध्ये त्याला फक्त डीबग बिल्डपुरती (चाचणीच्या आवृत्तीपुरती) परवानगी द्या.

खऱ्या फोनवर चाचणी करताना लोक हमखास ओलामाला ०.०.०.० वर, म्हणजे कुठल्याही यंत्राकडून आलेल्या विनंत्या, ऐकायला लावतात. चालतं, म्हणून ते तसंच राहतं, आणि एखाद्या रविवारी राउटरमध्ये ११४३४ पोर्टही उघडला जातो. ओलामाला स्वतःचा पासवर्ड नाही. पत्ता सापडला की कुणीही तुमचं मॉडेल वापरेल, पुसेलही. २०२४ मध्ये तर त्यात बाहेरून कोड चालवता येईल अशी त्रुटी सापडली होती, ०.१.३४ या आवृत्तीत ती बुजवली. घरगुती इंटरनेटच्या बऱ्याच जोडण्या सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला) असल्याने पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोचत नाही, हे एका परीने बरंच. यूएसबी जोडून ‘एडीबी रिव्हर्स’ ही आज्ञा वापरली तर फोनवरचा लोकलहोस्ट थेट संगणकाला जोडला जातो, काहीच उघडावं लागत नाही. बाहेरून हवंच असेल तर टेलस्केल हे खासगी नेटवर्क लावा.

वीज

३५० वॅटचं कार्ड पूर्ण ताकदीने तीन तास चाललं की साधारण १ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात ३०० युनिटनंतर दर वरच्या टप्प्यात जातो, तेव्हा हिशोब महिन्याचा करा. एनव्हीडियाच्या कार्डाची वीजमर्यादा आज्ञेने कमी करता येते. टोकन तयार होताना अडथळा मेमरीचा असल्यामुळे वेग फारसा घटत नाही, पंख्याचा आवाज मात्र उतरतो. पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरवर हे मशीन टाकू नका.

ॲप बाहेर काढताना

घरच्या सर्व्हरऐवजी बाहेरची सशुल्क सेवा जोडलीत तर तिची एपीआय की (सेवेची गुप्त किल्ली) ॲपमध्ये ठेवू नका. एपीके (ॲपची फाइल) उघडून ती काढायला मिनिटं लागतात. की मधल्या छोट्या सर्व्हरवर असावी. मॉडेलचा परवाना एकदा स्वतः वाचा: लामाचे बरेच परवाने ‘बिल्ट विथ लामा’ असं दाखवायला लावतात, मिस्ट्रल ७ बी मात्र अपाची २.० खाली आहे.

प्ले स्टोअरवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी बंद चाचणी करावी लागते: किमान १२ परीक्षक, सलग १४ दिवस सहभागी. आधी ही अट २० जणांची होती. मामेभाऊ, कॉलेजचे मित्र असे बारा जण जमतात, पण ॲपचं मॉडेल तुमच्या बैठकीच्या खोलीत चालत असेल आणि दुपारी वीज गेली, तर त्यांना नुसतं गोल फिरणारं चक्र दिसणार. दोघांनी कंटाळून चाचणी सोडली की संख्या बाराच्या खाली जाते. म्हणून मोजून बारा नकोत, अठरा-वीस जण घ्या. आणि सर्व्हर बंद असेल तर दहा सेकंदांत तसा निरोप दाखवणारा टाइमआउट चाचणी सुरू व्हायच्या आधीच ॲपमध्ये घाला.