स्पोर्ट बाईकच्या भरवशाची तुलना करताना या चुका टाळा

"जपानी घ्या डोळे झाकून, युरोपियन घेतली की गॅरेजची पायरी सुटत नाही." असं म्हणणाऱ्याला 'कशावरून?' विचारा. थोडा वाचणारा असेल तर तो अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांसाठीच्या मासिकाची २०१५ची पाहणी काढतो. गाडी चार वर्षांची होईपर्यंत यामाहाच्या ११ टक्के गाड्यांत बिघाड, होंडाच्या १२, डुकाटीच्या ३३, बीएमडब्ल्यूच्या ४०.

आकडे बरोबर आहेत, ताणले मात्र भलतेच जातात. त्या पाहणीत क्रूझर होत्या, लांब पल्ल्याच्या टूरिंग गाड्याही होत्या. शिवाय तक्रारींत वायरिंग, दिवे-स्विच आणि ब्रेक पुढे होते. इंजिनं बसल्याच्या नव्हत्या. आणि गंमत बघा, यादीत पहिल्या आलेल्या यामाहालाच २०१५ची आर१ गिअरबॉक्सच्या दोषापायी अमेरिकेत परत बोलवावी लागली. तेव्हा तुलना करायचीच तर मॉडेल आणि वर्ष धरून करा, टाकीवरचं नाव धरून नको.

नावाचा मोह कसा फसवतो ते आपल्याकडेही दिसतं. टीव्हीएस अपाचे आरआर ३१० आणि बीएमडब्ल्यू जी ३१० आरआर या दोन्हींत तेच ३१२ सीसीचं इंजिन, दोन्ही तमिळनाडूतल्या टीव्हीएसच्या होसूर कारखान्यातल्याच. तरी एकीला 'देशी आहे, जपून' आणि दुसरीला 'जर्मन भरवसा' म्हणणारे भेटतात!

दुसरी चूक म्हणजे उष्णतेलाच बिघाड समजणं. चाकणला बनणाऱ्या केटीएम आरसी ३९०चं ३७३ सीसीचं एकच सिलिंडर ४३च्या आसपास हॉर्सपॉवर काढतं, यामाहाच्या १५५ सीसी आर१५च्या दुपटीहून जास्त. सिग्नलला पाय भाजणार, पंखा भणभणणार. तो चालू झाला म्हणजे उलट सगळं ठीक आहे. पंखा फिरतोय तरी तापमान चढतंच आहे, किंवा तो फिरतच नाही, तेव्हा गाडी बाजूला घ्या. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटची पातळी, पंख्याचा फ्यूज आणि रेडिएटरच्या जाळीतला चिखल बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, घाई कितीही असो.

आवाजाचंही तसंच. "इंजिन वाजतंय" म्हणून आलेल्या गाडीची कधी चेन सैल असते, कधी स्प्रॉकेटचे दात झिजलेले असतात. आधी तेवढं तपासा. टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं, किती किलोमीटरनी करायचं ते प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं. ते सेटिंग चुकवलेली 'भरवशाची' गाडी वेळेवर सर्व्हिस झालेल्या 'नाजूक' गाडीआधी थकते.

जुनी गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात इंजिनच्या केसिंगला लावा. कोमट लागलं तर गार इंजिनाचा आवाज मालकाला तुमच्या कानावर पडू द्यायचा नाहीये. चहा प्या आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावरच परत जा.