जुनी गाडी गरम होते तेव्हा: गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून इंदूरच्या गॅरेजांमध्ये येणाऱ्या मुलांना कूलिंग सिस्टिम तोंडपाठ असते. वॉटर पंप काय करतो, थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडे न सोडणारी झडप) कुठे बसतो, सगळं नीट सांगतात. पण एखादी जुनी मारुती ८०० "गरम होते" म्हणून दारात आली की हात आधी पान्याकडे जातो. गाडीला हात लावण्याआधी गाडीवाल्याला एक प्रश्न विचारायची सवय लावा: कधी गरम होते?

लोकमान्यनगरचे एक काका गाडी घेऊन आले होते. मी विचारलं, "काका, तापमानाचा काटा राजवाड्याच्या गर्दीत वर जातो की बायपासवर?" ते म्हणाले, "गर्दीतच. बायपासला लागलो की आपोआप खाली येतो." या उत्तरात खूप काही आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारी हवाच रेडिएटर (इंजिनाचं गरम पाणी जिच्यातून फिरून निवतं ती पुढची जाळी) थंड करते, उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्यावर येतं. म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटर बहुतेक ठीक आहे, पंख्याकडे बघायचं. काकांच्या गाडीचा फॅन स्विच, म्हणजे पाणी तापलं की पंखा चालू करणारा स्विच, गेला होता. एवढंच निघालं.

उलटं उत्तर आलं, म्हणजे शहरात ठीक पण वेगात किंवा चढावर काटा वर जातो, तर पंख्यात वेळ घालवू नका. तिथे इंजिन जास्त उष्णता तयार करतं आणि पाणी ती बाहेर नेऊ शकत नाही. तुंबलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप किंवा ढिला पट्टा, यातलंच काहीतरी असतं. फक्त एसी लावल्यावर गरम होत असेल तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. जुन्या गाड्यांत तिथे माती, किडे आणि पालापाचोळा यांचा थर बसलेला असतो. समोरून तो दिसत नाही.

पंखा तपासणं सोपं आहे. एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा आणि वाट बघा. गाडीगणिक फरक असतो, पण साधारण ९० ते १०० अंशांच्या दरम्यान पंखा सुरू व्हायला हवा. नाही झाला तर जुन्या, दोन तारांच्या स्विचचं कनेक्टर काढून त्या दोन तारा वायरने जोडा. पंखा फिरला तर स्विच खराब. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर असं पुढे जा. फिरतोय तरी शंका असेल तर रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. इंजिनाच्या बाजूला बसवलेला पंखा तो कागद खेचून धरतो. तारा उलट्या जोडलेल्या पंख्यासमोर कागद बाहेर उडतो, आणि अशा गाड्या येतात. चावी बंद असतानाही काही गाड्यांचा पंखा अचानक फिरतो, त्यामुळे बोटं लांब ठेवा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट म्हणजे रेडिएटरची कॅप. तिच्यावर बहुधा ०.९ लिहिलेलं असतं. हा दाब आहे, बारमध्ये. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणून उघड्या पातेल्यातलं पाणी आपल्याकडे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कॅपने दाब धरला तर तेच पाणी ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा जातो आणि पाणी रिझर्व्ह टाकीतून बाहेर उसळतं. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाईप चपटा दिसला तर कॅपमधला आत हवा घेणारा छोटा वॉल्व्ह अडकलाय असं समजा. कॅप उघडायची ती गाडी पूर्ण थंड झाल्यावरच. गरम असताना उघडली तर दाब एकदम सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि तोंड-हात भाजतात. गिऱ्हाईक कितीही घाई करो, इथे थांबायचं म्हणजे थांबायचं.

आता थर्मोस्टॅट. "आपल्याकडे गरमी आहे, काढूनच टाक" हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. माझं ठाम मत त्याच्या विरुद्ध आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि मूळ बिघाड काही दिवस लपून राहतो. पंखा डायरेक्ट करून देणं, म्हणजे स्विच वगळून सतत फिरता ठेवणं, हीदेखील त्याच प्रकारची पळवाट. पार्टवर शंका असेल तर तपासा: पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. अंगावर ८२ कोरलेलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या बेताला पूर्ण उघडला पाहिजे.

रेडिएटरची गोष्ट आपल्या पाण्याशी बांधलेली आहे. वर्षानुवर्षं लोक त्यात बोअरिंगचं जड पाणी ओततात. क्षार नळ्यांच्या आत बसतात, पंपाची पाती गंजतात. एका गाडीत पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही आधीच बदलून झाले होते, तरी ओंकारेश्वरहून परतताना खंडवा रोडवरचा भेरूघाट चढला की काटा वर. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवला तर वरचा भाग चांगला गरम आणि खालच्या एका कोपऱ्यात मोठा थंड पट्टा. तिथून पाणी जातच नव्हतं. तांबं-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाक्या उघडून नळ्यांत सळई मारून देतो. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असेल तर बदललेला बरा. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. भरताना हीटरचा नॉब गरमवर ठेवा आणि वरचा होज अधूनमधून दाबा, म्हणजे अडकलेली हवा निघते. हवा राहिली तर नवीन पार्ट टाकूनही गाडी गरम होईल आणि दोष तुमच्या कामाला लागेल.

हेड गॅस्केटचं (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या सीलचं) नाव मात्र सगळ्यात शेवटी, पुरावा असेल तरच घ्या. गळती कुठेच नाही पण पाणी कमी होतं. थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक होतो. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नाहीत. ऑइल दुधाळ दिसतं. यातलं एकापेक्षा जास्त दिसलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, तपासा. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम कमी आलं तर शंका पक्की होत जाते. हेड उघडलं तर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून ते वाकलंय का बघितल्याशिवाय नवीन गॅस्केट बसवू नका. ॲल्युमिनियमचं हेड एकदा खूप तापलं की वाकतं आणि मग फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावंच लागतं.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पाण्याच्या बाहेरचीही कारणं असतात: मागे पडलेलं इग्निशन टायमिंग (ठिणगी उशिरा पडणं), घासत चालणारा ब्रेक. आणि कधी गाडी गरम नसतेच, काटाच खोटं बोलतो. तेव्हा थर्मोस्टॅटच्या घरावर तापमान मोजून काट्याशी ताडून बघा.

काम झाल्यावर गाडी लगेच देऊ नका. चढावर गरम होणारी गाडी खंडवा रोडने भेरूघाट उतरून परत वर आणा; गॅरेजच्या दारात उभी ठेवून तिचा निकाल लागत नाही. रात्री रिझर्व्ह टाकीवर मार्करने पाण्याची खूण करा आणि सकाळी थंड गाडीत पातळी बघा. पाणी खुणेवरच असेल तर गाडीवाल्याला फोन करा.