साखळीचे जुने घड्याळ अस्सल आहे का, हे कसे पडताळावे

वकिलांच्या, मालगुजारांच्या आणि रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या घरांतून नागपुरात साखळीची घड्याळे अजूनही निघतात. त्यांतली काही इतवारीच्या सराफ्यात चांदीच्या भावाने मोडीत जातात, तर काही जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे भलत्याच किमतीला उभी राहतात. दोन्ही बाजूंचे नुकसान टाळायचे असेल, तर घड्याळ जुने आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. संपूर्ण बनावट घड्याळ ओळखणे त्यामानाने सोपे असते. यंत्र एकाचे, केस (म्हणजे बाहेरचे धातूचे आवरण) दुसऱ्याची आणि तबकडी तिसऱ्याची असे जुळवून विकलेले घड्याळ मात्र सहज फसवते, म्हणून यंत्र, केस, तबकडी आणि विक्रेता सांगतो तो इतिहास या चारही गोष्टी एकमेकींशी आणि एकाच काळाशी जुळतात का, हे तपासावे.

घड्याळ हाती आल्याबरोबर किल्ली देऊ नये. नागपूरच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या यंत्रातले तेल वाळून चिकट झालेले असते आणि जबरदस्तीने चालवल्यास चाकांच्या चुळा, म्हणजे आसांची टोके, झिजतात. मागचे झाकण बिजागरीचे असेल तर कडेला नखापुरती जागा असते. ती दिसत नसेल तर झाकण बहुधा आट्यांचे असते व डावीकडे फिरवून उघडते. सुरी किंवा पेचकस घालून ते उचकटू नये. न जमल्यास घड्याळजीकडून उघडून घ्यावे आणि आपल्यासमोरच भिंगातून पाहावे.

यंत्र उघडल्यावर सर्वप्रथम सांगितलेल्या काळात असूच शकत नाहीत अशा खुणा शोधाव्यात, कारण एवढा निर्णायक पुरावा दुसरा नाही. तोलचक्राच्या (यंत्रात पुढे-मागे डोलणाऱ्या चाकाच्या) मध्यावर वीणेच्या आकाराची बारीक स्प्रिंग, म्हणजे इन्काब्लॉक ही धक्कारोधक रचना, असेल तर ते यंत्र 1934 च्या आधीचे नाही. केसवर ‘स्टेनलेस स्टील’ असा ठसा असेल तर ती एकोणिसाव्या शतकातली असणे शक्य नाही. आत बॅटरी निघाली आणि बाहेर पितळेवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले साल कोरलेले असले, तर ती नवी शोभेची वस्तू आहे, पुढे काही पाहायला नको. रशियाच्या चेल्याबिन्स्क येथील मोल्निया कारखान्याची यंत्रे प्रसिद्ध स्विस नावांच्या नव्या तबकड्यांखाली बसवून विकली जातात. हा कारखाना 1947 मध्ये सुरू झाला, हे लक्षात असले म्हणजे पुरे.

यंत्रावरचा क्रमांक आणि केसवरचा क्रमांक वेगळे दिसले की अनेक जण घड्याळ नकली ठरवून मोकळे होतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. वॉल्थम किंवा एल्जिन या अमेरिकन कंपन्यांची यंत्रे आणि केसी बऱ्याचदा स्वतंत्रपणे विकल्या जात आणि ग्राहक दुकानातच त्यांची जोडी निवडत असे, त्यामुळे तेथे क्रमांक जुळत नाहीत. निर्मितीचे साल यंत्राच्या क्रमांकावरूनच काढावे. खरी शंका घ्यायची ती केसच्या आतल्या कडेवर. यंत्र घट्ट बसवणाऱ्या स्क्रूंच्या दाबाचे वण तेथे उमटतात, आणि आताच्या स्क्रूंशी न जुळणारे वणही दिसत असतील, तर त्या केसमध्ये पूर्वी दुसरे यंत्र होते असे समजावे.

चांदीच्या बाबतीत सराफाची मदत जरूर घ्यावी, मात्र कसोटीवर केस घासू देऊ नये. सराफाकडच्या शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर केसचा टंच काढून घ्यावा आणि तो ठशांशी ताडून पाहावा. ब्रिटिश केसवर चालता सिंह असेल तर चांदी 92.5 टक्के असायला हवी. सोबत जहाजाचा नांगर असेल तर ती बर्मिंगहॅमला तपासलेली असते आणि शेजारच्या अक्षरावरून साल मिळते. स्विस केसवर रानकोंबड्यासारखा पक्षी आणि 0.800 हा आकडा असेल, तर 80 टक्के चांदी हेच तिचे योग्य प्रमाण आहे. टंच कमी आला म्हणून अशी केस खोटी ठरत नाही, आणि एवढ्या कारणावरून ती मोडीत घालणे ही फार मोठी हानी आहे. मुलाम्याची केस बिजागरीपाशी आणि साखळीच्या कडीपाशी आधी झिजते. तेथे पिवळे पितळ दिसते का, ते पाहावे.

तबकडी भिंगाखाली पाहावी. तांब्यावर भाजलेल्या मिन्याची चकाकी काचेसारखी खोल असते आणि त्यात केसासारख्या बारीक भेगा असणे स्वाभाविक आहे. छापील तबकडीवर अक्षरांच्या कडा ठिपक्यांनी बनलेल्या दिसतात. काट्यांवर किंवा अंकांवर चमकणारा जुना लेप असेल तर तो खरवडू नये, कारण त्यात रेडियम असू शकते.

नागपुरात सर्वाधिक सांगितली जाणारी कथा रेल्वेची असते, आणि येथे 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे व पुढे बंगाल-नागपूर रेल्वे आल्यामुळे ती पटकन खरीही वाटते. मागच्या झाकणावर इंजिनाचे चित्र असणे हा मात्र रेल्वेचा पुरावा नव्हे. रॉसकॉफ पद्धतीच्या स्वस्त घड्याळांवर असे चित्र सर्रास असे. रेल्वेची आद्याक्षरे कोरलेली असतील तर भिंगातून ओरखडे पाहावेत. जुने ओरखडे अक्षरांवरून गेलेले असतील आणि अक्षरांच्या कडा झिजून बोथट झाल्या असतील, तर कोरीवकाम जुने आहे; अक्षरांनी ओरखडे कापले असतील, तर ते नंतर केलेले आहे. मध्य रेल्वे 1951 मध्ये स्थापन झाली, त्यामुळे तिचे नाव असलेले घड्याळ ब्रिटिश काळात रेल्वेने दिलेले असू शकत नाही.

काही स्विस कंपन्या आपल्या जुन्या नोंदींवरून निर्मितीची माहिती देतात. त्यांच्याकडे क्रमांकाची व यंत्राची स्पष्ट छायाचित्रे पाठवावीत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते व खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही, म्हणून घड्याळच परदेशी पाठवण्याच्या फंदात पडू नये. खरेदी ठरल्यास पावतीवर कंपनीचे नाव, यंत्राचा आणि केसचा क्रमांक व बदललेले भाग लिहून घ्यावेत. विक्रेता हे लिहून द्यायला तयार नसेल, तर तोंडी सांगितलेल्या जुनेपणाची किंमत मोजू नये.