प्रवासाची पुस्तकं वाचून स्वस्तातला मुक्काम कसा शोधायचा

कुठलंही प्रवासवर्णन हातात घेतलं की मी आधी एकच गोष्ट शोधते, हा माणूस रात्री झोपला कुठे. डोंगर, नद्या, जुने वाडे, बाजार यावर सगळेच भरभरून लिहितात, सूर्यास्तावर तर पानंच्या पानं असतात, पण पाठ कुठे टेकली, किती मोजावे लागले, दाराला आतून कडी होती का, सकाळी नळाला पाणी होतं का, हे लिहिणारे फार कमी. आणि लांबच्या प्रवासात पैसा नेमका तिथेच जातो. तिकीट एकदा काढलं की तो विषय मिटतो, मुक्कामाचा प्रश्न मात्र रोज संध्याकाळी नव्याने समोर येतो, महिनाभर फिरायचं म्हणजे तीस वेळा. म्हणून पुस्तकं वाचून प्रवासाची तयारी करायची असेल तर ती कशी वाचायची ते सांगते, मी बरीच वर्षं अशीच वाचतेय आणि त्याचा मला खूप उपयोग झालाय.

पुस्तकाबरोबर पेन्सिल घ्या. जिथे जिथे रात्रीच्या मुक्कामाचा उल्लेख येईल तिथे बाजूला बारीक 'मु' लिहायचं, बस. पुस्तक संपलं की पहिल्यापासून फक्त ते 'मु' बघत पानं उलटायची आणि शेवटच्या कोऱ्या पानावर टिपून काढायचं, गाव कुठलं, महिना कुठला, जागा कसली होती, पैसे दिले की कुणाच्या ओळखीने राहिला, आधी ठरवलं होतं की पोचल्यावर शोधलं. असं करताना एक गंमत लक्षात येते. काही पुस्तकांत पन्नास-साठ पानं एकही खूण नसते! म्हणजे लेखक त्या काळात कुठेतरी राहिलाच होता पण त्याने ते सांगितलेलं नाही. कधी मित्राचं घर असतं, कधी खर्च दुसऱ्याच कुणीतरी केलेला असतो, आणि कधी कधी तर मामला त्याच्याही पुढचा असतो.

अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. १९६० मध्ये तो चार्ली नावाचा कुत्रा घेऊन आणि ट्रकवर बसवलेल्या छोट्या घरातून अमेरिका फिरायला निघाला, १९६२ मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि ते वाचून कितीतरी लोकांनी आपणही असंच गाडीत राहत एकटं फिरायचं ठरवलं. पुढे २०१० मध्ये एका पत्रकाराने त्याच वाटेने जाऊन, मूळ हस्तलिखित आणि पत्रं तपासून दाखवलं की स्टाइनबेकच्या बऱ्याच रात्री मोटेल-हॉटेलात गेल्या होत्या आणि प्रवासाच्या बऱ्याच भागात बायको सोबत होती. पुस्तकाच्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत प्रस्तावनेतच सांगून टाकलं की हे सगळं शब्दशः खरं धरू नका. मला ते पुस्तक तरीही आवडतं, भाषा सुंदर आहे, पण त्यावरून कुणी स्वतःच्या खर्चाचा आणि एकटेपणाचा अंदाज बांधला तर तो फसेल. तुम्ही दहाव्या रात्री गाडीत आखडलेल्या पाठीने पडून 'त्याला कसं जमलं' असा विचार करत असाल, आणि त्याला ते रोज जमतच नव्हतं.

याच्या अगदी उलट म्हणजे जॉर्ज ऑरवेलचं १९३३ मधलं पॅरिस आणि लंडनच्या गरिबीवरचं पुस्तक. तिथे रात्रीचा मुक्काम हाच विषय आहे. कुठल्या निवाऱ्यात किती पैसे, चादर कशी, शेजारचा खोकला किती, सकाळी किती वाजता बाहेर काढतात, सगळं. ते दिवस गेले, तसली राहायची ठिकाणंही गेली, पण स्वस्त अंथरुणाची खरी किंमत म्हणजे मोडलेली झोप, हे त्यात जितकं स्पष्ट कळतं तितकं मला दुसरीकडे कुठे कळलं नाही.

आता गाइडबुकांकडे वळू, कारण रोजच्या कामाला तीच येतात. गाइडबुक घेताना कव्हर बघू नका, आधी कॉपीराइटचं पान उघडा. आवृत्ती कितवी, साल कुठलं, आणि ती नव्याने फिरून लिहिलीय की जुनाच मजकूर परत छापलाय ते बघा. किमती किती पटकन शिळ्या होतात याला एका पुस्तकाचं नावच पुरावा आहे. आर्थर फ्रॉमरने १९५७ मध्ये रोजच्या ५ डॉलरमध्ये युरोप फिरायचं पुस्तक काढलं, ते तुफान चाललं, आणि पुढच्या आवृत्त्यांत नावातलाच आकडा वाढवत न्यावा लागला, आधी १०, मग आणखी वर, शेवटी शेवटी तर ९० च्या पुढे! म्हणून जुन्या पुस्तकातला आकडा सोडून द्यायचा आणि प्रमाण घ्यायचं. डॉर्ममधल्या, म्हणजे बरेच बेड असलेल्या सामायिक खोलीतल्या, एका बेडचा दर तिथल्या साध्या सिंगल रूमच्या निम्मा होता की पाव, स्टेशनजवळ महाग होतं की पलीकडच्या भागात, कुठल्या महिन्यात दर चढायचे. हे प्रमाण, आणि शहराचा नकाशा, कुठला भाग रात्री जागा असतो आणि कुठला नऊला झोपतो, या गोष्टी हळू बदलतात. फोन नंबर, दर, मालक भराभर बदलतात. सात-आठ वर्षं जुनं गाइडबुक सेकंडहँड मिळत असेल तर मी ते आनंदाने घेते, भाग ठरवायला पुस्तक आणि आजचा दर बघायला मोबाइल, अशी वाटणी ठेवली की झालं.

दुसरी खूण, लिहिणारा स्वतः तिथे गेला होता का. कार्ल बेडेकरची एक गोष्ट सांगतात, गाइडबुकं ज्याच्या नावाने ओळखली जायला लागली तो एकोणिसाव्या शतकातला जर्मन प्रकाशक. मिलानच्या कॅथेड्रलच्या छतावर जाताना तो दर वीस पायऱ्यांनंतर एका खिशातला वाटाणा दुसऱ्या खिशात टाकत होता, आकडा चुकू नये म्हणून, आणि उतरताना पुन्हा तसंच मोजलं. मुक्कामाच्या वर्णनात असा वाटाणा शोधा. 'आरामदायी, मध्यवर्ती, मैत्रीपूर्ण' हे कुणीही घरबसल्या लिहू शकतं. 'तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मागच्या खोल्या शांत, पुढच्यांना पहाटे बसचे हॉर्न' हे फक्त तिथे झोपलेला माणूसच लिहितो. ऑनलाइन रिव्ह्यू वाचतानाही हीच चाळणी लावा, पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले बाजूला ठेवून तीन स्टारवाले वाचा, त्यात लोक जास्त खरं बोलतात, आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचा कारण मॅनेजर बदलला की जागा बदलते.

होस्टेलबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह नव्हे तर प्रवाशांना एकेक बेड भाड्याने मिळतो त्या जागेबद्दल, थोडं सविस्तर सांगते, कारण कमी पैशात राहायचं म्हटलं की बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. कल्पना मुळात एका शाळामास्तरची. रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक ऑगस्ट १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला गेले होते, वादळात सापडले, रात्र एका शाळेच्या वर्गात पेंढ्यावर काढली, आणि त्यांना सुचलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात तर त्या चालत फिरणाऱ्या मुलांना मुक्कामाला का देऊ नयेत. १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ होस्टेल सुरू झालं, तिथल्या मूळ खोल्या आजही बघता येतात. म्हणजे होस्टेल हे मुळातच अनोळखी लोकांनी एक खोली नीट वाटून घ्यायची जागा आहे, फक्त स्वस्त हॉटेल नाही, हे डोक्यात ठेवून गेलं की निम्म्या तक्रारी होतच नाहीत.

दर बघताना नुसता बेडचा आकडा बघू नका. चादर, टॉवेल, लॉकर, कुलूप याचे वेगळे लावतात का, स्वयंपाकघर वापरू देतात का, दुपारी साफसफाईला बाहेर काढतात का, रात्री दार किती वाजता बंद होतं, ही बेरीज केल्यावर कधी कधी वरकरणी महाग दिसणारं होस्टेल स्वस्त निघतं. वापरता येणारं स्वयंपाकघर माझ्यासाठी फुकट ब्रेकफास्टपेक्षा कधीही मोलाचं. चार बेडची खोली आणि बारा बेडची खोली यात फरक थोडाच असेल तर चारची घ्या, बारा बेड म्हणजे बारा अलार्म. आणि शक्यतो उजेडात पोचा.

खोलीत गेल्यावर सॅक बेडवर टाकायची नाही, हे मी अनुभवावरून सांगते. एका ठिकाणी रात्री साडेअकराला पोचले, दमलेले, दिवा लावला तर बाकीचे उठतील म्हणून अंधारातच आडवी झाले आणि सकाळी हातावर एका ओळीत चावे. ढेकूण! पुढचे दोन दिवस सगळे कपडे गरम पाण्यात धुण्यात आणि सॅकची शिवण न् शिवण तपासण्यात गेले. तेव्हापासून सॅक आधी बाथरूमच्या फरशीवर किंवा लोखंडी रॅकवर ठेवते, मग मोबाइलचा टॉर्च हाताच्या आड धरून गादीचा कोपरा उचलते, चादर मागे सारते आणि शिवणीवरून नखाने हळूहळू फिरते. मोठा ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, सफरचंदाच्या बीएवढा, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो, पण तो दिसण्याआधी त्याचे डाग दिसतात, पेनाची शाई टिपकागदावर पसरावी तसे काळे ठिपके. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, डोक्याकडची फळी आणि भिंत यातली फट, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. काही दिसलं तर खोली बदलून मागा, आणि लगतची नको म्हणा. कपड्यांची शंका आली तर ६० अंशाला धुऊन गरम ड्रायरमध्ये अर्धा तास, तेवढ्या उष्णतेत ते मरतात.

बंक, म्हणजे एकावर एक असलेल्या बेडपैकी एक, निवडायची वेळ आली तर दारापासून आणि टॉयलेटपासून लांबचा घ्या. खालचा सोयीचा, वरचा जास्त खाजगी पण तिथे गरम होतं. इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी या दोन वस्तूंवर मी कधीच तडजोड करत नाही, स्वतःचं छोटं कुलूपही सोबत हवंच.

पैसे न देता राहण्याचेही मार्ग आहेत. सर्वास नावाची संस्था १९४९ पासून चालू आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी एकमेकांच्या घरी राहावं आणि ओळख वाढावी म्हणून निघालेली. अनोळखी यजमानाच्या घरी राहायची सोय लावणारी काउचसर्फिंगची साइट २००४ मध्ये आली, सायकलवाल्यांसाठी तशीच वॉर्मशॉवर्स आहे. इथे यजमानाचं प्रोफाइल पूर्ण वाचा, आपल्यासारख्याच लोकांनी, म्हणजे बाई असाल तर एकट्या राहिलेल्या बायकांनी, काय लिहिलंय ते बघा, आणि दुसरी सोय हाताशी ठेवूनच जा. कुणाच्या घरी राहायचं तर दोन रात्री पुरे, आणि घर हॉटेलसारखं वापरायचं नाही. होस्टेलमध्ये रोज काही तास काम करून बेड मिळवायची पद्धतही आहे, पण आधी व्हिसाचे नियम वाचा, पगार नसला तरी बऱ्याच देशांत ते कामच धरलं जातं आणि टुरिस्ट व्हिसावर ते चालत नाही.

जास्त दिवस रस्त्यावर राहायचं असेल तर हिशोब रोजचा नाही, आठवड्याचा ठेवा. रोजचा ठेवला की एखाद्या महागड्या दिवसाने माणूस उगाच खट्टू होतो. दर आठवड्यात एक दिवस काहीही न बघण्याचा, कपडे धुवायचे, घरी फोन करायचा, झोपायचं. रात्रीच्या बसने मुक्काम वाचतो पण लागोपाठ दोन रात्री तसं करू नका, तिसऱ्या दिवशी तुम्ही काहीच बघत नाही, फक्त डुलक्या घेता. एका गावात जास्त दिवस थांबलं की आठवड्याचा दर मागता येतो, आणि तो मागावाच लागतो, आपणहून क्वचितच कुणी देतं. जुना प्रवासी इब्न बतूता १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी मोरोक्कोतल्या टँजियरहून निघाला आणि जवळपास तीस वर्षं फिरला, पण ते काही सलग चालणं नव्हतं, तो वाटेत मठांत आणि मदरशांत राहिला, दिल्लीत आणि मालदीवमध्ये काजी म्हणून नोकरी केली, मग पुन्हा निघाला. लांबचा प्रवास असाच थांबत थांबत होतो.

बरोबर पुस्तकं किती न्यायची? छापील एकच, बाकी मोबाइलमध्ये. जाड गाइडबुक असेल तर मी सरळ ब्लेडने कणा कापून लागतील तेवढीच प्रकरणं वेगळी काढते आणि स्टेपल करून नेते, पुस्तकावर ब्लेड चालवताना जीव तुटतो पण पाव किलो ओझं महिनाभर खांद्यावर वाहण्यापेक्षा बरं. बऱ्याच होस्टेलमध्ये एक शेल्फ असतं, एक ठेवा एक घ्या, तिथे संपलेलं पुस्तक ठेवून दुसरं उचलायचं, आणि आधीच्या वाचकाने बाजूला काही लिहिलंय का ते आवर्जून बघायचं. कुणाच्या तरी पेन्सिलीतली 'मागच्या गल्लीतलं बंद झालं' अशी एक ओळ मला अख्ख्या प्रकरणापेक्षा जास्त कामाला आलीय.

आणि स्वतःची वही. इब्न बतूताने परतल्यावर सगळं आठवणीतून सांगितलं आणि दुसऱ्याने ते लिहून घेतलं, म्हणून अभ्यासक आजही त्यातल्या काही जागा आणि तारखांवर वाद घालतात. तुम्ही त्याच रात्री लिहा, झोपायच्या आधी, पाच ओळी पुरतात. तारीख, खोली किंवा बेडचा नंबर, एकूण किती पैसे गेले, पाणी-आवाज-दार कसं होतं, आणि ज्याच्याशी बोललात त्याने पुढच्या गावाबद्दल काय सांगितलं. माझ्या वहीत प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात तोच 'मु' असतो, त्याच्यापुढे जागेचं नाव, आणि पुन्हा राहीन अशी जागा असेल तर त्याला एक गोल.