जुन्या ट्रकचं इंजिन घरीच खोलून नवीन पॅकिंग आणि सील टाकायचे असतील तर

जुना ट्रक म्हटलं की खाली तेलाचा डाग असणारच असं म्हणून बरेच जण विषय सोडून देतात, आणि जे सोडत नाहीत ते थेट पूर्ण पॅकिंग किट मागवून इंजिन खोलायला बसतात. माझं म्हणणं एवढंच, की पाना हातात घ्यायच्या आधी तेल नेमकं कुठून येतंय आणि का येतंय हे शोधा, कारण कारण तसंच राहिलं तर नवीन सील पण थोड्याच दिवसात गळायला लागणार.

आधी इंजिन धुवा. डीग्रीजर मारा, ब्रशने घासा, पाणी मारताना अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आणि एअर इनटेक प्लास्टिकने झाका. सुकलं की गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात वरची ओली जागा जिथे दिसेल तिथून लीक आहे, खालची नाही, कारण तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो, त्यामुळे टॅपेट कव्हरचं (इंजिनवरचं सगळ्यात वरचं झाकण) तेल शेवटी बेल हाउसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, क्लच झाकणारा भाग) टपकतं आणि सगळे म्हणतात मागचं क्रँक सील (इंजिनचा मुख्य फिरता दांडा मागे बाहेर येतो तिथलं) गेलं. ऑइल प्रेशर स्विच आणि इनटेक मॅनिफोल्डची मागची कड हे दोघं पण असेच फसवतात. नीट कळत नसेल तर संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरा, ओली रेघ लगेच दिसते. आणि बेल हाउसिंगच्या खालचा थेंब बोटावर घेऊन वास घ्या, गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल आहे म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सील, इंजिनचा काही संबंध नाही.

आता का गळतंय ते. जुन्या इंजिनात रिंगा झिजल्या की ज्वलनाचा गॅस थोडा खाली क्रँककेसमध्ये उतरतो, तो बाहेर जायला ब्रीदर किंवा पीसीव्ही वॉल्व्ह असतो, आणि तोच काजळीने बुजला तर आतलं प्रेशर जी जागा कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलतं. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण फिरवून मोकळं करा आणि तिथेच उलटं ठेवून बघा, थोडं हललं तर चालतं, उडून पडत असेल तर आधी ब्रीदरचा पाइप साफ करा, पीसीव्ही बदला आणि परत बघा. तरीही उडतंय तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो त्याची तपासणी, करून घ्या (डिझेलला वेगळा, जास्त प्रेशरचा गेज लागतो, पेट्रोलवाला लावू नका). सिलिंडर-सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर नुसतं सील बदलून हाती काही लागणार नाही, मोठं काम आहे हे मान्य करा.

खोलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली कधीच जाऊ नका, स्टँड चॅसीखाली लावा मगच आत शिरा. कूलंट गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका, ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत चला. बोल्टसाठी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून भोकं पाडा आणि जो बोल्ट जिथून निघाला तो तिथेच खोचा, टायमिंग कव्हरला (इंजिनच्या पुढच्या बाजूचं, टायमिंगच्या चेन-गिअरवरचं झाकण) दोन-तीन लांबीचे बोल्ट असतात आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात आवळला की आतलं काहीतरी फुटतंच. टायमिंग कव्हर किंवा डिस्ट्रिब्युटर काढणार असाल तर १ नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आणून डिस्ट्रिब्युटरमधल्या रोटरची दिशा मार्करने खूण करा, नंतरची डोकेदुखी वाचते.

खरा वेळ साफसफाईत जातो, आणि लोक नेमकी तिथेच घाई करतात. फार जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही, ओलं करून खरवडा आणि मास्क लावा. लोखंडाला स्टीलचा स्क्रॅपर चालतो, ॲल्युमिनियमला प्लास्टिकचाच. ड्रिलला लावायच्या घासायच्या चकत्या इंजिनाजवळ नकोत, कितीही पटापट काम झालं तरी, कारण त्यातली बारीक पूड तेलात मिसळते आणि बेअरिंग खाते. शेवटी कपड्याला ब्रेक क्लीनर लावून पुसा, कपडा पांढरा निघेपर्यंत.

तेलाचं चेंबर (इंजिनच्या तळाची तेल साठवणारी पत्र्याची ट्रे) काढल्यावर त्याची कड डोळ्यासमोर आडवी धरून बघा. आधी कुणीतरी गळतंय म्हणून बोल्ट करकचून आवळलेले असतात आणि प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचललेला असतो, म्हणजे पॅकिंग फक्त बोल्टपाशी दाबलं जातं आणि मधे फट राहते. सपाट लाकडावर ठेवून हातोडीने हळूहळू ठोकून कड सरळ करा. या एका कामाने जेवढे लीक बंद होतात तेवढे महागड्या पॅकिंगनेही होत नाहीत. लावताना छोटे ६ एमएमचे बोल्ट साधारण ८-१० न्यूटन मीटरवरच थांबतात, मॅन्युअलमध्ये आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

क्रँकचं पुढचं सील बदलताना क्रँक पुली पुलरने काढा, हातोडीने नको. पुलीच्या ज्या भागावर सीलची ओठ फिरते तिथे नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलेली आहे आणि नवीन सील पण गळणार, त्यावर पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह चढवा, किंवा जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर मागे-पुढे बसवा म्हणजे ओठ नव्या जागी येते. स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे. रबरी ओठेला तेल लावून बसवा, पण पीटीएफईचं (टेफ्लॉनसारखं प्लास्टिक) असेल तर कोरडंच. मागच्या सीलसाठी बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तो उतरलाच आहे तर क्लच पण बघून घ्या. दोन तुकड्यांचं सील असेल तर जोड बेअरिंग कॅपच्या जोडाच्या बरोबर समोर ठेवू नका, सेंटिमीटरभर सरकवा.

हेड (सिलिंडरवरचा, ब्लॉकवर बसणारा इंजिनचा वरचा भाग) उगाच उचलू नका. कूलंट कमी होतंय, तेल दुधाळ झालंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, असं काही असेल तरच. उचललंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने सपाटी तपासा, ब्लॉकमधल्या बंद भोकांतलं तेल-पाणी पूर्ण काढा नाहीतर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जातो, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळा, आणि अँगलने आवळायचे (ठराविक अंश फिरवून ताणले जाणारे) बोल्ट असतील तर जुने परत वापरू नका.

सिलिकॉनबद्दल थोडं, कारण इथे सगळे जास्तच करतात. व्हिनेगरसारखा वास येणारं नको, न्यूट्रल आणि सेन्सर-सेफ लिहिलेलं घ्या. साधारण ३ एमएमची एकच अखंड रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, आणि वर साय धरायच्या आत भाग बसवा. जास्त लावलं की आत दाबलेला तुकडा सुटतो आणि थेट तेलाच्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. जिथे पॅकिंग रबराचं आहे तिथे सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत आणि जोडांवर, बाकी कोरडं. तेल भरायच्या आधी एक दिवस तसंच सोडा.

सुरू करताना लगेच चाबी मारू नका, इंधन किंवा इग्निशन तोडून थोडं थोडं क्रँक करा, तेलाचं प्रेशर दिसलं की मग चालू करा. पहिल्या गरम-थंडनंतर कॉर्कच्या पॅकिंगचे बोल्ट हलक्या हाताने एकदा तपासा, रबर आणि सिलिकॉनवाल्यांना हात लावायचा नाही. खाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग दिसला तर त्याच्या बरोबर वर टॉर्च मारून परत वरची ओली जागा शोधा.