कंपनीकडे आरोग्यासाठी पैसे मागायचे, तर शिबिर मागू नका

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी सीएसआरचं, म्हणजे कंपनीने नफ्यातून समाजाच्या कामावर करायच्या खर्चाचं, टेबल सांभाळत होते. निवृत्त झाले, तरी ऐरोलीतल्या घरी छोट्या संस्थांचे अर्ज दुरुस्त करून देणं सुरूच आहे. बहुतेक अर्जांत मागणी ठरलेली असते: ‘भव्य आरोग्य शिबिर’. ती ओळ मी आधी खोडते. शिबिरात एखाद्या बाईचं बीपी १६०/१०० निघतं, तिला पंधरा दिवसांच्या गोळ्या देतात, बॅनरसमोर फोटो निघतो. सोळाव्या दिवशी तिने कुणाकडे जायचं? याचं उत्तर तयार नसेल तर बाकीचं लिहायला बसूच नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. संस्थेची आयकर खात्याकडे १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. यातलं काही कमी असेल तर आधी तेवढं उरका. त्याशिवाय कंपनीला मनात असूनही पैसे देता येत नाहीत.

मग कंपनी शोधायची. रबाळ्यातला प्रत्येक गाळेवाला सीएसआरमध्ये बसत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे आदल्या वर्षी ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक तरी असावं लागतं. अशा कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. तिच्या वार्षिक अहवालात संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेलं सीएसआरचं परिशिष्ट असतं. गेल्या वर्षी पैसा कुठे गेला ते त्यात वाचा. आरोग्यावर दमडी न घालणाऱ्या कंपनीच्या दारात वेळ घालवू नका. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. म्हणून रबाळ्याच्या कंपनीकडे दिघा, इलठणपाडा, दगडखाणींच्या वस्त्या घेऊन जा; तिथे मुरबाडचा पाडा खपवायला बघू नका. सही मुख्य कार्यालयात होते हे खरं, पण शिफारस बहुधा कारखान्यातल्या एचआरवाल्याकडून जाते. पहिला चहा त्याच्याकडे घ्या.

जायचं कधी? वर्षाचा आराखडा संचालक मंडळाकडून मंजूर व्हावा लागतो आणि त्याची जुळवाजुळव साधारण फेब्रुवारीपासून सुरू होते. तेव्हा अर्ज टेबलावर असला पाहिजे. मार्चमध्ये उलटा फोन येतो: ‘‘मॅडम, ३१ तारखेच्या आत काही करता येईल का?’’ त्या घाईत शिबिरच होतं, दुसरं काय होणार! त्याऐवजी तुमचं काम अनेक वर्षांचा ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून मंजूर करून घ्या. मग वर्षअखेरीस उरलेली रक्कम कंपनीला ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच कामावर खर्च करता येते.

आता खर्चाचा तक्ता. इथे मात्र घाई नको. कंपन्यांना फिरता दवाखाना फार आवडतो, कारण गाडीवर नाव रंगवता येतं. रंगवू द्या. गाडी एकदाच घ्यायची असते; डिझेल, ड्रायव्हर, नर्स, डॉक्टर आणि औषधं मात्र दर महिन्याला लागतात. तक्त्यात ती आधी मांडा, गाडी शेवटी. ड्रायव्हर रजेवर गेला तर बदली कोण, याचेही पैसे धरा. सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत साठवून जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्यांकडे द्यावा लागतो. हा खर्च विसरलेले तक्ते मी ढिगाने पाहिले आहेत. शिवाय गाडी कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर लागते. करारात हे आधीच लिहून घ्या.

‘‘पगाराला ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही,’’ असं कुणीतरी सांगेलच. नम्रपणे नियम दाखवा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. पाड्यावर जाणाऱ्या नर्सचा पगार हा थेट प्रकल्पाचा खर्च.

वेळापत्रक लोकांच्या कामाप्रमाणे बसवा. शहापूर-मुरबाडकडची बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. डिसेंबरात पाड्यावर गाडी नेली तर म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतील. तेव्हा गाडी भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर न्या. दिघ्यातला नाका कामगार सकाळीच बाहेर पडतो, त्यामुळे अकरा ते एकचा दवाखाना त्याच्या कामाचा नाही. संध्याकाळी सहा ते नऊ ठेवा.

अर्जाआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. आदिवासी भागात निकषाने एका केंद्रामागे २०,००० लोकसंख्या असते, उपकेंद्रामागे ३,०००. त्यांचे हात आधीच भरलेले असतात. समांतर दवाखाना थाटतोय असं त्यांना वाटलं, तर मदत मिळणार नाही. ‘‘बीपी-शुगरचे पेशंट आम्ही शोधून आणतो, गोळ्या तुमच्याकडून सुरू राहू द्या,’’ असं बोला आणि तसं पत्र घेऊन अर्जाला जोडा. आशाताईंना या बैठकीला बोलवा. कोणत्या घरात कोण खोकतंय हे त्यांनाच ठाऊक असतं. कंपनीला छोटीच सुरुवात करायची असेल, तर सरकारच्या टीबीमुक्त अभियानात ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून टीबीच्या रुग्णांना पोषण आहार देण्याचा मार्ग २०२२ पासून आहे.

अहवालात ‘१,२०० लाभार्थी’ एवढंच लिहू नका. बीपी निघालेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण गोळ्या घेतायत आणि कितींचं १४०/९० च्या खाली आलं, ते लिहा. फोटो मागतील. पाठमोरे द्या किंवा लेखी संमती घेऊन द्या. टीबीच्या रुग्णाचं नाव कुठल्याही तक्त्यात नको. कर्मचारी स्वयंसेवक म्हणून आले तर त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवा. त्यांच्या वेळेची किंमत लावून ती सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, हेही एचआरला आधी सांगा, नाहीतर वर्षअखेरीस हिशेब अडतो.

करार संपायच्या आधीचं वर्ष उजाडलं की रुग्णांची यादी आरोग्य केंद्राच्या नोंदवहीशी ताडून घ्या. जे अजून फक्त तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत, त्यांची नावं वेगळी काढा आणि आशाताईंसोबत त्यांना एकेक करून केंद्रावर नेऊन आणा.